४ जुलैची पार्टी: स्मोर्स डिप, जिलेटिन आणि उष्टं

जाईची वेल | २१ जून, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. मदत हवी आहे आणि जरा लवकर हवी आहे.

४ जुलैला आमच्याकडे (न्यू जर्सी) मागच्या अंगणात पार्टी आहे. बावीस जण, त्यातली नऊ मुलं. पॉटलक आहे, त्यामुळे कणसं, पावभाजी, बर्गर वगैरे वाटून झालंय. गोड माझ्या गळ्यात. मुलांनी एकमुखाने स्मोर्स मागितले, म्हणजे शेकोटीवर भाजलेला मार्शमेलो आणि चॉकलेट, दोन बिस्किटांमध्ये. आमच्या सोसायटीच्या नियमात अंगणात शेकोटी बसत नाही, म्हणून ओव्हनमधलं स्मोर्स डिप करायचं ठरवलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पसरट भांड्यात तळाला चॉकलेट, वर मार्शमेलो दाटीवाटीने लावायचे, ओव्हनमध्ये वरून तांबूस करायचे आणि गरम आहे तोवर सगळ्यांनी ग्रॅहम क्रॅकर (इथली गव्हाची बिस्किटं) बुडवून खायचं.

परवा रंगीत तालीम केली. चॉकलेट चिप्स मायक्रोवेव्हमध्ये वितळवल्या. घट्ट वाटल्या म्हणून दोन चमचे पाणी घातलं. बघता बघता त्याचा चिखल झाला. चिखल तरी बरा, हा वाळलेल्या शेणखतासारखा गोळा होता. तरी तो भांड्यात थापला, वर मार्शमेलो लावले, ब्रॉयलरखाली (ओव्हनमधली वरची कडक आच) सरकवलं आणि लेकाच्या बुटाची नाडी बांधायला वळले. नाडी बांधून होईतो धुराचा अलार्म. वरून कोळसा, आतून पांढरं आणि गार.

पुढची अडचण साबा, म्हणजे सासूबाई. सहा महिन्यांसाठी आल्या आहेत. पक्क्या शाकाहारी, अंडंही नाही, आणि नेहमीच्या मार्शमेलोत प्राण्यांपासून काढलेलं जिलेटिन असतं. त्याच्या पुढची अडचणही साबाच. त्या म्हणाल्या, "एकाच भांड्यात बावीस जण बुडवणार? उष्टं नाही का होत?" याचं उत्तर मला अजून सुचलेलं नाही.

पर्यायी गोड सुचवू नका प्लीज. मुलांना शब्द दिलाय.

भूकलाडू | २१ जून, रात्री १०:३०

रुमाल टाकून ठेवतो. शेणखताची उपमा वाचून हातातलं बिस्किट खाली ठेवलं.

नाक्यावरचा नाना | २२ जून, सकाळी ८:०५

मला एक कळत नाही. उन्हाळा म्हटलं की माणसाला आमरस आठवावा, पन्हं आठवावं, मस्तानी आठवावी. भर उन्हाळ्यात उकळतं चॉकलेट घेऊन अंगणात बसायचं म्हणजे काय! इथे पुण्यात पाऊस सुरू झालाय, आम्ही गरम भजी खातोय, आणि तुम्ही उन्हात गरम मिठाई. जगबुडी जवळ आली. (हलकेच घ्या.)

सोनचाफा | २२ जून, सकाळी ८:४०

नाना, "पर्यायी गोड सुचवू नका" हे वाक्य वाचलंत का? :)

किचनमधला केमिस्ट | २२ जून, सकाळी १०:१५

जाई, तुझ्या चॉकलेटचं जे झालं ते सगळ्यांचं एकदा तरी होतं. चॉकलेट म्हणजे कोको बटर या चरबीत तरंगणारे साखरेचे आणि कोकोचे अतिबारीक, कोरडे कण. त्यात जरासं पाणी गेलं की कण ओले होतात आणि एकमेकांना धरून बसतात. पिठीसाखरेत चार थेंब पाणी सांडलं तर गुठळी होते, वाटीभर ओतलं तर पाक होतो, तसंच हे. तुझे दोन चमचे त्या गुठळीपुरतेच होते.

म्हणून उपायही उलटा वाटेल असा आहे. गोळा झाला की फेकायचा नाही. कडकडीत दूध किंवा क्रीम एकेक चमचा घालत ढवळत राहायचं. पाच-सहा चमच्यांनंतर गोळा हार मानतो आणि छान सॉस होतो. त्याच्या वड्या आता पडणार नाहीत, पण तुला कुठे वड्या पाडायच्यात?

आणि चिप्स घट्ट वाटतात कारण त्या तशाच बनवलेल्या असतात. कुकीत भाजल्यावरही आकार टिकावा म्हणून त्यांत कोको बटर कमी घालतात. जमलं तर साधी चॉकलेटची वडी चिरून घे. भारतातल्यांनी एक बघा, वेष्टनावर घटकांत कोको बटरऐवजी वनस्पती तेल लिहिलेलं असेल तर ते कंपाउंड. वितळतं सरळ, पण खाताना टाळूला मेणासारखं चिकटतं. खऱ्या कोको बटरचा वितळबिंदू साधारण ३४ अंश सेल्सिअस, अंगाच्या तापमानाच्या जरा खाली. तोंडात विरघळतं ते त्यामुळे.

बिडाचा तवा | २२ जून, सकाळी ११:५०

मी हे डिप दर उन्हाळ्यात करते. वाडगाभर अनुभव देते, निवडून घ्या.

भांडं बिडाचं हवं. बिडाचं म्हणजे इथलं कास्ट आयर्न, आपल्या आंबोळीच्या तव्याचा अमेरिकन चुलतभाऊ. एकदा तापलं की लवकर निवत नाही, आणि हे डिप निवलं की संपलंच. बावीस जणांना दहा इंची दोन तवे लागतील. एका तव्याला १२ औंस (३४० ग्रॅम) चॉकलेट, पाऊण कप हेवी क्रीम, बचकभर नाही तर चिमूटभर मीठ. क्रीम उकळी फुटेपर्यंत तापवायचं, चिरलेल्या चॉकलेटवर ओतायचं, दोन मिनिटं हात लावायचा नाही, मग मधून बाहेर गोल ढवळायचं. क्रीममुळे ते जरा निवलं तरी दगड होत नाही. हे सकाळीच तव्यात ओतून झाकून ठेवता येतं.

मार्शमेलो आडवे अर्धे कापायचे. कात्रीला तेलाचा हात लावा, नाहीतर तिसऱ्या मार्शमेलोला कात्री उघडणार नाही. कापलेली बाजू चॉकलेटवर, गोल बाजू वर, मध्ये फट नको. दहा इंचाच्या तव्याला पंचवीस-तीस लागतात.

आता जिथे तुझं चुकलं ते. ब्रॉयलर नकोच. ओव्हन ४५० फॅरनहाइटला नीट तापू दे, तवा मधल्या खणात, पाच ते सात मिनिटं. आतलं चॉकलेट तेवढ्यात गरम होतं आणि वरून रंगही येतो. ब्रॉयलर फक्त वरून जाळतो, खाली काही पोचत नाही, म्हणून तुझं आत गार राहिलं. आणि या पाच मिनिटांत कोणाच्याही नाड्या बांधायच्या नाहीत. ओव्हनचा दिवा लावून समोर उभं राहायचं, दूध उतू जाईल म्हणून उभं राहतो तसं.

नाक्यावरचा नाना | २२ जून, दुपारी १:०२

४५० डिग्री?? ओव्हन आहे का विटांची भट्टी?

बिडाचा तवा | २२ जून, दुपारी १:१०

नाना, फॅरनहाइट. तुमच्याकडचे साधारण २३० सेल्सिअस. तुम्ही भजी खा.

दुपारची झोप | २२ जून, दुपारी २:४५

माझ्याकडून दोन सावधगिरीच्या सूचना, दोन्ही भोगून मिळवलेल्या.

काचेचं भांडं ब्रॉयलरखाली घालू नका. आमचं लग्नात आलेलं भांडं धडाम् आवाज करून फुटलं, काचा ओव्हनच्या दारापर्यंत. आणि बिडाच्या तव्याची मूठ! तवा टेबलावर मांडला की तो इतका साजरा दिसतो की आत्ताच ४५० मधून बाहेर आलाय हे पाहुण्याच्या ध्यानात येत नाही. माझ्या दिराने मूठ धरून तो आपल्याकडे सरकवला. पुढचा तासभर हात बर्फात. तेव्हापासून मी मुठीला जाड फडकं बांधते आणि शेजारी सांडशी ठेवते. लाकडी पाट खाली घ्या, प्लास्टिकच्या टेबलावर थेट ठेवलात तर टेबलही डिप होईल.

खवचट खार | २२ जून, संध्या. ५:२०

मुद्द्याचं कोणी बोलतच नाहीये. बावीस जणांच्या पार्टीचा मेनू एका व्यक्तीच्या आहारावर का ठरावा? साबांसाठी वाटीभर फळं कापून ठेवा, बाकीच्यांना मजा करू द्या. सुनांनी किती वाकायचं?

सोनचाफा | २२ जून, संध्या. ५:३५

आला. मी वाटच बघत होते की सासू-सून वळण किती प्रतिसादांनी येतंय. चक्क नववा.

जाईची वेल | २२ जून, रात्री ९:५०

खारूताई, राग समजला, पण गोष्ट उलटी आहे. मागच्या वर्षीही साबा इथे होत्या. पोकोनोजला कॅम्पिंगला गेलो होतो. मुलं काड्यांना मार्शमेलो लावून भाजत होती, आणि साबा खुर्ची ओढून आगीजवळ बसल्या होत्या. नातवाने फुगलेला, तांबूस झालेला मार्शमेलो त्यांच्यापुढे धरला. त्यांनी हात पुढे केला आणि माझ्याकडे बघून विचारलं, "यात काय असतं गं?" मला खोटं बोलता आलं नाही. त्यांनी हात मागे घेतला आणि म्हणाल्या, "वास छान येतोय हो." बस. तेवढंच. वर्षभर ते माझ्या डोक्यात आहे. त्यामुळे फळांची वाटी नको, त्यांना हेच खायला घालायचंय.

केमिस्ट, तवाताई, खूप आभार. गोळ्याचं शास्त्र नवऱ्याला वाचून दाखवलं, तो म्हणाला, "म्हणजे तू अर्ध्यावर सोडलंस, अजून ओतायला हवं होतंस." असो.

खवचट खार | २२ जून, रात्री १०:०४

बरं. मागे घेते. नातवाचं वाचून गप्प झाले.

चार्ल्सकाठची | २२ जून, रात्री १०:४०

जिलेटिनवर: अमेरिकेतल्या साध्या मार्शमेलोत ते बहुधा डुकराच्या कातडीपासून काढलेलं असतं. कोशर किंवा हलाल लिहिलेल्या पाकिटांना "शाकाहारी" समजू नकोस, त्यांत मासळीचं किंवा गाईबैलांचं जिलेटिन असू शकतं. ही चूक मी स्वतः केली आहे, आणि वाढूनही झालं होतं.

आमच्या बॉस्टनच्या बाजूला बरणीतलं मार्शमेलो फ्लफ मिळतं. १९१७ साली इथल्याच सॉमरव्हिलमध्ये आर्चिबाल्ड क्वेरी नावाच्या माणसाने ते तयार केलं, आणि गावात अजून दर सप्टेंबरात त्याचा उत्सव होतो. त्यात जिलेटिन नाही. कॉर्न सिरप, साखर, व्हॅनिला... आणि अंड्याचा पांढरा बलक. म्हणजे अंडं चालणाऱ्या शाकाहाऱ्यांना उत्तम, तुझ्या साबांना नाही.

तुला डँडीज घ्यावे लागतील. शिकागोकडचे आहेत, व्हीगन. टॅपिओका सिरप, टॅपिओका स्टार्च आणि समुद्री शेवाळापासूनचं कॅराजीनन. चव चांगली. फक्त जिलेटिनवाल्यांसारखे ते वितळून पसरत नाहीत, जागच्या जागी फुगतात. म्हणून आणखी दाटीने लाव.

भूकलाडू | २२ जून, रात्री ११:०१

टॅपिओका म्हणजे साबुदाण्याचाच कंद ना? मग आषाढी तोंडावर आहे, उपासाला मार्शमेलो चालतील का? वेगळा धागा काढू का?

सोनचाफा | २२ जून, रात्री ११:०६

नको!!!

वरणफळ | २३ जून, सकाळी ७:३०

ठाण्याहून लिहितेय. इथेही हिरव्या ठिपक्याचे मार्शमेलो मिळतात, बेकिंगचं सामान विकणाऱ्या दुकानांत हमखास. मात्र घरी चायना ग्रास घालून "शाकाहारी मार्शमेलो" करायच्या भानगडीत या पदार्थासाठी पडू नका. मी पडले होते. वडी म्हणून छान लागतात, पण ओव्हनमध्ये ढिम्म हलत नाहीत. वरची साखर जळते आणि आत रबराचे चौकोन.

किचनमधला केमिस्ट | २३ जून, सकाळी ९:१२

बरोबर. जिलेटिनचा गोळा अंगाच्या उष्णतेलाही पाघळतो. चायना ग्रास म्हणजे अगर एकदा जमलं की ८५ सेल्सिअसच्या आसपास गेल्याशिवाय सुटत नाही. म्हणून तर आपल्या उन्हाळ्यात त्याच्या वड्या ताटलीत उभ्या राहतात.

घरीच करायचं तर छोले शिजवलेलं पाणी. हसू नका. ते आटवून घट्ट केलं, गार केलं आणि साखर घालून बीटरने फेटलं की अंड्याच्या पांढऱ्यासारखं शुभ्र फुलतं. चॉकलेटवर पसरायचं आणि छोट्या गॅस टॉर्चने वरून भाजायचं. छोल्यांचा वास व्हॅनिलाने जातो. बहुतेक.

नाक्यावरचा नाना | २३ जून, सकाळी ९:४०

"बहुतेक" या शब्दावर मी हा धागा फॉलो करतोय.

मिशिगनचा मावळा | २३ जून, दुपारी १२:२०

थोडा विरोधी सूर लावतो. स्मोर्सचं डिप ही कल्पनाच मला पटत नाही. स्मोर्स म्हणजे या लोकांचा हुरडा आहे. हुरडा खाण्यासाठी कोणी हुरडा पार्टीला जातं का? थंडीत पहाटे कुडकुडत शेतावर जायचं, गोवऱ्यांच्या आगटीत ज्वारीची कोवळी कणसं खुपसायची, कोणीतरी जाणता माणूस ती हातावर चोळून गूळभेंडीचे हिरवे दाणे तळव्यावर टाकतो, चटके बसत असताना ते तोंडात टाकायचे, वर लसणाची चटणी, गूळ. धूर डोळ्यात गेला नाही तर तो हुरडा नाही.

स्मोर्सचंही तेच. काडी आपली आपण शोधायची, मार्शमेलो निखाऱ्यावर फिरवायचा, एकाचा पेट घेणार, एकाचा राखेत पडणार, त्यावरून भांडणं. ते सगळं काढून टाकून ओव्हनमधून तवा आणायचा म्हणजे हुरडा प्लेटमध्ये घालून एसी हॉलमध्ये वाढण्यासारखं झालं.

बिडाचा तवा | २३ जून, दुपारी १२:४५

मावळे, तिच्या सोसायटीत शेकोटीला परवानगी नाही. नऊ मुलं, नऊ धारदार काड्या, नऊ पेटते गोळे आणि बाजूला सिंथेटिक कपडे. तुम्ही येता का लक्ष ठेवायला?

मिशिगनचा मावळा | २३ जून, दुपारी १:१५

येतो, जेवण काय आहे?

(पावभाजी वाचली. खरंच येतो.)

अवांतर आजोबा | २३ जून, दुपारी ३:३०

अवांतर आहे, पण राहवत नाही. ज्या ग्रॅहम क्रॅकरवर हे सगळं चाललंय, तो ग्रॅहम कोण होता माहीत आहे का? सिल्व्हेस्टर ग्रॅहम, १७९४ ते १८५१. प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशक. गावोगाव व्याख्यानं देत फिरायचा: मांस खाऊ नका, मसाले खाऊ नका, चहा-कॉफी सोडा, मैद्याचा पाव टाका आणि कोंड्यासकट जाडसर दळलेल्या गव्हाचा पाव खा. चमचमीत खाण्याने वासना चाळवतात असं त्याचं ठाम मत. एकूण आपल्याकडच्या कडक पथ्य सांगणाऱ्या वैद्यबुवांचा आणि कीर्तनकाराचा संकर. त्याच्या नावाच्या बिस्किटावर पुढे मध आला, साखर आली आणि शेवटी चॉकलेट आणि मार्शमेलो येऊन बसले. बिचारा जिवंत असता तर तुमच्या अंगणात उपोषणाला बसला असता.

मार्शमेलोचंही तसंच. ती मुळात दलदलीत वाढणारी एक वनस्पती. तिच्या मुळाचा चिकट रस घशाला औषध म्हणून देत. युनानीत तिला खतमी म्हणतात. आताच्या मार्शमेलोत मूळ औषधालाही नाही.

आणि स्मोर्सची कृती १९२७ साली अमेरिकेतल्या गर्ल स्काउट्सच्या पुस्तकात छापलेली आढळते, "सम मोर" या नावाने. आणखी थोडं द्या ना, अशा अर्थाचं. पुढे बोलता बोलता त्याचं स्मोर झालं.

सोनचाफा | २३ जून, दुपारी ३:४८

आजोबा, तुमचं अवांतरच आम्हाला हवं असतं.

फोंड्याची पोर | २३ जून, रात्री ८:१०

मावळ्यांना धूर हवा आहे आणि जाईला शेकोटी नको, तर मधला मार्ग आहे. तुमच्याकडे पार्टीत कोळशाची ग्रिल असणारच (बर्गर कुठे भाजणार?). आमच्या गोव्यात बेबिंक (थरांचं गोड) करतात ते वरच्या आगीवर. एक थर ओतायचा, वर झाकण, झाकणावर नारळाच्या सोडणांचा, करवंट्यांचा विस्तव. थर वरून भाजून निघाला की दुसरा. माझी आजी विस्तवाकडे न बघता नुसत्या वासावरून सांगायची, "झालो, काड." तीच युक्ती इथे. बर्गर झाले की कोळसे एका बाजूला सारायचे, तवा दुसऱ्या बाजूला ठेवायचा, ग्रिलचं झाकण लावायचं. आठ-दहा मिनिटांत चॉकलेट तापतं, वरून हलका रंग आणि धुराचा वास. मात्र जाळी आधी घासा. माझ्या नवऱ्याने घासली नव्हती, आमच्या मार्शमेलोला चिकन काफ्रेआलचा वास होता.

जाईची वेल | २३ जून, रात्री १०:२०

शेवटच्या वाक्यामुळे ग्रिल बाद. साबांसाठी करायचं आणि त्याच जाळीवर बर्गर, नको. पण बेबिंकची गोष्ट साबांना सांगितली, त्या म्हणाल्या आमच्याकडे नानकटाई अशीच करायचे, वर-खाली निखारे ठेवून.

आता उष्ट्याचं बोला ना कोणीतरी!

भूकलाडू | २४ जून, सकाळी ६:५५

उष्ट्याचं एवढं काय. गोपाळकाल्यात कोण बघतं? एका हंडीतलं सगळ्यांनी खायचं, कृष्णानेही पेंद्याचं खाल्लं. साबांना हे सांग.

दुपारची झोप | २४ जून, दुपारी ३:१०

भूकलाडू, काला गोड वाटतो, पण नऊ मुलांचा विचार करा. अर्धं खाल्लेलं बिस्किट परत बुडवणारच. एकाला सर्दी असेल तर सोमवारी सगळी शाळा शिंकतेय. साबांचं "उष्टं" आणि डॉक्टरांचं "इन्फेक्शन" एकच आहे, शब्द वेगळे.

वरणफळ | २४ जून, दुपारी ४:००

+१. आणि दोन तवे, एक शाकाहारी आणि एक साधा, असंही करू नकोस गं. पाच मिनिटांत कोणीतरी या तव्यातलं बिस्किट त्या तव्यात घालणार. दोन्ही डँडीजचेच कर. मुलांना फरक कळत नाही, त्यांना फक्त तार निघायला हवी.

वाढायला पळी ठेव आणि स्टीलच्या छोट्या वाट्या. हळदीकुंकवाला वाटलेल्या घरात पन्नास तरी असतील.

सोनचाफा | २४ जून, दुपारी ४:१५

अमेरिकेत नेलेल्या सामानात त्या वाट्या असतातच. शंका नाही.

नाक्यावरचा नाना | २४ जून, संध्या. ६:३०

आता मीही कामाचं बोलतो. बुडवायला ग्रॅहम क्रॅकर कशाला, पार्ले-जी आहे की!

बिडाचा तवा | २४ जून, संध्या. ७:०५

पार्ले-जी करून पाहिलंय. चव जुळते, ग्रॅहमपेक्षा दुधाळ लागतं. पण घट्ट चॉकलेटमध्ये घातलं की मधोमध तुटतं आणि अर्धं आत राहतं. चहात पडतं तसंच, फक्त इथे तळ दिसत नाही. वाटीत घेऊन खाणार असाल तर चालेल. श्रुसबेरी तर बोटातच चुरा होतात. सर्वांत छान काय लागतं सांगू? खारी. बेकरीतली साधी खारी. खारट, लोण्याचे पदर, त्यावर कडवट गोड चॉकलेट. शिवाय हिरवं सफरचंद, प्रेट्झेल. स्वतः मार्शमेलोच इतके गोड असतात की सोबत खारट आणि आंबट हवंच. चॉकलेटही डार्क घे.

तवा बाहेर आला की दहा मिनिटांत खाऊन व्हायला हवं. नंतर वरचा थर चामड्यासारखा ओढला जातो. म्हणून दोन्ही तवे एकदम काढू नकोस. पहिला अर्धा संपला की दुसरा आत टाक.

अजून एक, नंतर तवा धुताना बीड रात्रभर भिजत टाकू नये, गंजतं. त्यातच पाणी घालून उकळायचं, लाकडी उलथन्याने खरवडायचं. ती सगळी साखरच असते, सुटते आपोआप. पुसून, तेलाचा हात लावून ठेवायचा.

मिशिगनचा मावळा | ३ जुलै, रात्री ९:००

धागा वर काढतोय. जाई, उद्याची तयारी? पत्ता अजून मिळाला नाही.

जाईची वेल | ५ जुलै, दुपारी १:३५

वृत्तांत.

गनाश (ते चॉकलेट-क्रीमचं मिश्रण) सकाळीच तव्यांत ओतून ठेवलं. या वेळी गोळा झाला नाही. डँडीज कापायला साबा बसल्या, कात्रीला तेल लावून, भेंडी चिरतात त्या एकाग्रतेने. पंचवीस-तीस म्हटलं होतंत, आमच्याकडे चौतीस बसले. त्यांनी फट म्हणून ठेवली नाही.

साडेआठला सूर्य मावळायला आला, डास सुरू झाले, तेव्हा पहिला तवा ओव्हनमध्ये. मी दिवा लावून समोर उभी. चौथ्या मिनिटापर्यंत काही नाही, मला वाटलं डँडीज दगा देणार. मग एकदम सगळे फुगले, एकमेकांना खांदे लावून, आणि कडेच्यांच्या डोक्यावर तांबूस टिकल्या आल्या. सात मिनिटांना काढला. मुठीला फडकं, खाली पोळपाट (लाकडी पाट नाही मिळाला).

काल्याचा मुद्दा मी साबांना सांगितला होता, भूकलाडूंच्या नावासकट. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "काला हातावर वाढतात. हंडीत कोणी बिस्किट बुडवत नाही." पुढे बोलणं खुंटलं. त्या स्वतःच पळी घेऊन तव्याशी उभ्या राहिल्या आणि बाविसांना वाट्या भरून दिल्या. शेजारचे आजोबा, ऐंशीच्या घरातले, रांगेत दोनदा आले. दुसऱ्यांदा आले तेव्हा साबांनी न विचारता पळीभर जास्त घातलं आणि मराठीत म्हणाल्या, "लाजू नका." ते लाजले नाहीत.

सगळ्यात शेवटी स्वतःची वाटी. खारीचा तुकडा मोडून वरचा तांबूस थर उचलला, बघितला, खाल्ला. मी श्वास धरून. म्हणाल्या, "गोड जरा जास्तच आहे. पण हे वरचं... खरवडीसारखं लागतंय गं. बासुंदीच्या पातेल्याची." आणि मग तव्याची कड चमच्याने खरवडायला लागल्या. नातू शेजारी दुसरा चमचा घेऊन. उष्ट्याचं दोघांनाही सुचलं नाही, मीही आठवण केली नाही.

दुसऱ्या तव्याला मी फटाके बघायला बाहेर गेले, त्यामुळे एक कोपरा काळा. तो नवऱ्याने खाल्ला.

अवांतर आजोबा | ५ जुलै, दुपारी २:१०

खरवड! वा. आमच्याकडे खरवडीवरून भावाभावांत अबोला झालेला आहे.

खवचट खार | ५ जुलै, दुपारी २:३०

साबांना माझा नमस्कार सांग. हंडीत कोणी बिस्किट बुडवत नाही हे मी घरी वापरणार आहे.

नाक्यावरचा नाना | ५ जुलै, दुपारी २:४४

काल बायकोने डाल्डाच्या जुन्या डब्याएवढ्या ओटीजीत केलं. खारी, पाऊस, गरम चॉकलेट. उन्हाळ्याचा पदार्थ नाहीच हा, पावसाळ्याचा आहे. माझं पहिलं मत कायम.

मिशिगनचा मावळा | ५ जुलै, दुपारी ३:००

मी आलो असतो.

जाईची वेल | ५ जुलै, दुपारी ३:२०

पुढच्या वर्षी नक्की, मावळे. तवाताई, तुमच्यामुळे पार पडलं. पहिला तवा चाटून पुसून स्वच्छ होता, दुसरा जळका कालपासून सिंकमध्ये भिजतोय, संध्याकाळी घासते.

बिडाचा तवा | ५ जुलै, दुपारी ३:२१

काढ तो पाण्यातून!!! आत्ता!